चाळीसची रेघ

माझा मूळ धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. वसईत स्टेशनच्या रस्त्याला एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर काचेची पेटी मांडून मी बसायचो. घड्याळ पुढे गेलं म्हणून कोणी तक्रार घेऊन येत नाही, मागे पडलं तरच येतो, एवढं मनुष्यस्वभावाचं ज्ञान मला त्या पायरीवर मिळालं होतं. पुढे बसगाड्यांच्या धंद्यात शिरलो तेव्हा हेच ज्ञान उपयोगी पडलं. बाकीचं सगळं नव्याने शिकावं लागलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. रेल्वेच्या पूर्वेला, सातिवलीला लहान-मोठे कारखाने उभे राहत होते आणि त्यांना माणसं हवी होती. माणसं होती रेल्वेच्या पश्चिमेला, नंदाखाल, निर्मळ, गास अशा गावांत. त्यांना सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणायला एका शेठनी बसगाड्या घातल्या. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी आता नाही, शेठही नाहीत, पण त्यांचे नातू आहेत आणि ते वाचतात.

शेठनी वाहतूक सांभाळायला प्रधान नावाचे एक साहेब मुंबईहून आणले होते. साहेब सभ्य होते, कपड्याला नीटनेटके होते आणि छापील कागदावर त्यांची फार श्रद्धा होती. एकदा आमच्या एका गाडीने म्हैस उडवली. म्हैस वाचली, पण साहेबांची झोप गेली. कुठल्यातरी माहितीपत्रकात त्यांनी टॅकोग्राफ नावाच्या परदेशी यंत्राबद्दल वाचलं आणि शेठच्या मागे लागून प्रत्येक गाडीत ते बसवून घेतलं.

यंत्र आलं, पण ते हाताळायचं कोणी? त्याच आठवड्यात साहेब मनगटावरचं घड्याळ घेऊन माझ्या पायरीशी आले. मी ते उघडत असताना त्यांनी विचारलं, "राऊत, याच्यापेक्षा मोठं घड्याळ सांभाळाल का? पगारी नोकरी आहे." पावसाळ्यात त्या पायरीवर पाणी चढायचं. मी हो म्हणालो.

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगतो. ड्रायव्हरसमोर वेग दाखवणारा काटा असतो, तसाच हा दिसतो. पण त्याच्या पोटात घड्याळ असतं आणि त्या घड्याळावर मेण चढवलेली कागदाची गोल तबकडी बसवायची असते. ती दिवसरात्रीत एक फेरा पुरा करते. गिअरबॉक्समधून एक वायर येते, ती चाकाचा वेग सांगते आणि एक बारीक सुई त्या मेणावर ओरखडा काढत जाते. गाडी जोरात गेली की रेघ कडेकडे चढते, हळू झाली की मध्याकडे उतरते, उभी राहिली की तळाला सपाट पडते. मी रोज सकाळी गाड्या सुटण्याआधी जुन्या तबकड्या काढायच्या, नव्या घालायच्या, कुलूप लावायचं. मग दिवसभर भिंग घेऊन जुन्या वाचायच्या. कंपनीची मर्यादा ताशी चाळीसची. रेघ चाळीसच्या वर गेली असेल तिथे लाल पेन्सिलीने खूण करून तबकडी साहेबांकडे पाठवायची. साहेब त्या ड्रायव्हरला मेमो देत.

ड्रायव्हरांनी यंत्राला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, चुगली. "राऊतदादा, चुगलीला दूध पाजलंत काय?" असं सकाळी मला विचारत. रागाने विचारत नसत, पण माझ्या हातचा चहा काही महिने कोणी घेतला नाही.

हळूहळू मला त्या तबकड्या वाचायची गोडी लागली. माणसाचं अक्षर ओळखावं तसा मी रेघेवरून ड्रायव्हर ओळखू लागलो. कोणाची रेघ करवतीच्या दातांसारखी, सतत ब्रेक आणि सतत दाब. कोणाची गोल, डोंगरासारखी चढणारी आणि उतरणारी. हरेश्वर म्हणून अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला एक ड्रायव्हर होता, त्याची रेघ शनिवारी वेगळी असायची.

या हरेश्वरने एकदा मला त्याच्या घरी चलायची गळ घातली. बायकोला त्याच्याबद्दल संशय होता की हा संध्याकाळी ताडीच्या गुत्त्यावर बसून येतो. तो म्हणे, उशीर रेल्वेच्या फाटकामुळे होतो. "तिला तबकडी दाखवा दादा. कागदावरचं ती मानेल." मी गेलो. अंगणात सुकट वाळत होती. बाईंनी हात पुसले, तबकडी उजेडात धरली आणि विचारलं, "रेघ खाली बसली म्हंजे गाडी उभी?"

"हो."

"वरती सकाल कोनती, सांज कोनती?"

मी बोटाने दाखवलं. बाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "फाटकावर उभी हाय ती इकडं, थोडीशी. मंग मानसं उतरवल्यावर गाडी परत उभी हाय, ती कुनाच्या फाटकात?"

हरेश्वर माझ्याकडे बघत राहिला, जणू ते फाटक मीच घातलं होतं. त्यानंतर आमच्या ड्रायव्हरांपैकी कोणी तबकडी घरी नेण्याचं नाव काढलं नाही.

यंत्र खोटं बोलत नाही, हे साहेबांचं आवडतं वाक्य. खरंच बोलत नाही. पण विचारलं तेवढंच सांगतं. एकदा एका तबकडीवर दुपारच्या वेळी साठाच्या वर चढलेली रेघ निघाली. मी लाल खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'गाडी त्या वेळी शेडमध्ये होती.' मिस्त्रीने मागचं चाक जॅकवर उचलून, गिअर टाकून, इंजिनाची तपासणी केली होती. चाक हवेत फिरलं, सुईला काय कळणार. साहेबांनी लाल खूण वाचली, शेजारचं वाचलं नाही. त्या ड्रायव्हरला मेमो गेला. तो त्या दुपारी घरी जेवून झोपला होता. साधा माणूस, त्याने उत्तर लिहून दिलं, 'गाडी जागची हलली नव्हती. तरी पुढल्या वेळी सावकाश उभी ठेवीन.' साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'समज दिली.'

आणि मग नाईक. नाईक गोरा, हसतमुख, साहेबांना वाकून नमस्कार करणारा. यंत्र बसवल्याला थोडे महिने झाले असतील, त्याच्या तबकड्या एकाएकी निर्दोष येऊ लागल्या. रेघ चाळीसपर्यंत चढायची आणि तिथून सरळ सपाट, सुरीने कापल्यासारखी. गाडी चालवणारा माणूस असेल तर रेघ थरथरते. खड्डा येतो, वळण येतं, कुत्रं येतं. ही थरथरत नव्हती. मी ओळखलं की कुलूप कशाने तरी उघडून आत काहीतरी अडकवून सुईला चाळीसवर रोखलेलं आहे. गाडी पन्नासने जावो की साठने, सुई पुढे जाणारच नाही.

साहेबांच्या हुकुमाशिवाय यंत्राच्या पोटात हात घालायची मला परवानगी नव्हती, म्हणून मी त्यांना सांगायला गेलो. साहेबांनी तबकडी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "काय सुंदर रेघ आहे," ते म्हणाले.

"फारच सुंदर आहे साहेब. म्हणूनच शंका येते."

"राऊत, तुमचं काय आहे, शिस्त बघायची आपल्या लोकांना सवय नाही. दिसली की शंका येते."

पुढच्या महिन्यात कंपनीच्या सत्यनारायणाला नाईकला आदर्श चालक म्हणून शाल आणि नारळ मिळाला. त्याची एक तबकडी काचेच्या चौकटीत बसवून साहेबांच्या खुर्चीमागे लावली.

याच्या उलट जोकीम. नंदाखालचा, केळीच्या बागायतदारांच्या घरातला, पण बागेपेक्षा इंजिनात रमणारा. पन्नाशीला आलेला, मोजकं बोलणारा. नंदाखालची गाडी त्याच्याकडे होती. त्याच्या तबकडीवर रोज सकाळी ठराविक जागी एक सुळका निघायचा, चाळीसच्या बराच वर. मी रोज लाल खूण करायचो. त्याला रोज मेमो जायचा. मेमोच्या मागच्या कोऱ्या बाजूने तो पेट्रोमॅक्स पुसायचा.

एक दिवस मी त्याला विचारलं, "जोकीम, तो सुळका कुठला?"

"गासच्या पुढचा. शेतातला सरळ रस्ता आहे ना, तिथला."

"तिथेच का?"

"तिथे माणूस नाही, घर नाही. दोन्ही बाजूंना भात. तिथे पळवली नाही तर फाटक मिळत नाही." मग तो समजावून सांगू लागला. "सकाळी फाटक पडलं की उचलत नाहीत. एक लोकल जाते, मग मेल, मग मालगाडी, मग दुसऱ्या बाजूची लोकल. तेवढ्यात कारखान्याचं दार बंद. उशिरा येणाऱ्या बाईला आत घेतात, पण अर्धा दिवस कापून. माझ्या गाडीत चाळीस बाया असतात, राऊतदादा."

मी त्याची तबकडी पुन्हा भिंगाखाली धरली. सुळक्याच्या आधी रेघ दोनदा खोल उतरली होती, वीसच्याही खाली. एक चर्चपाशी, सकाळची मिस्सा सुटून लोक रस्त्यावर येतात तिथे. दुसरी शाळेपाशी. रोज, न चुकता. पण माझ्याकडे वर गेलेल्या रेघेसाठी पेन्सिल होती, खाली आलेल्या रेघेसाठी कुठलाच रंग दिलेला नव्हता.

मी हे साहेबांना जाऊन सांगितलं. वेळापत्रकच चुकलंय, असंही म्हणालो. साहेबांनी वेळापत्रक स्वतः बसवलं होतं, अंतर भागिले वेग या हिशोबाने. हिशोब बिनचूक होता. फक्त त्यात रेल्वे नव्हती.

"फाटक रेल्वेचं आहे, आपलं नाही," साहेब म्हणाले. "आपण आपल्यापुरती शिस्त पाळायची."

पाऊस संपता संपता साहेबांनी जोकीमला नंदाखालच्या गाडीवरून काढलं आणि शेडमध्ये गाड्या धुण्यावर देखरेख करायला बसवलं. त्याच्या जागी आदर्श चालक नाईक.

जोकीमने तक्रार केली नाही. सकाळी यायचा, डबा खिळ्याला टांगायचा आणि धुणाऱ्यांना कामाला लावून स्वतः एखाद्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. त्याला वाईट वाटत होतं हे मला त्याच्या डब्यावरून कळलं. संध्याकाळी तो अर्धा भरलेलाच परत जायचा.

नाईक फाटक चुकवायचा नाही. त्याची गाडी वेळेवर पोचायची आणि तबकडी सुरीने कापलेली यायची. साहेब खूश होते. गाडीतल्या बाया मात्र उतरताना हात जोडून उतरायच्या. तो सगळीकडेच सारखा पळवायचा, शेतात तसा गावात, आणि काही आडवं आलं की उभा ब्रेक.

त्या गाडीत नंदाखालची फिलोमिना होती. बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. चाळिशीची, उंच, आवाजाने खणखणीत. गाडीतल्या बायांची ती न निवडलेली पुढारी होती. एका सकाळी गासच्या वळणावर केळीच्या घडांची बैलगाडी आडवी आली. नाईकने ब्रेक मारला. फिलोमिना त्या वेळी एका गरोदर पोरीला आपली जागा देण्यासाठी उठली होती. ती तिथून थेट पुढच्या दांड्यावर जाऊन आदळली. उजवं मनगट मोडलं.

नाईक तिला कारखान्याच्या दारात उतरवून मोकळा झाला. बाकीच्या बायांनी अर्धा दिवस सोडून तिला दवाखान्यात नेलं.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. फिलोमिना हात गळ्यात बांधून आली होती, सोबत तिचा नवरा. नाईक भिंतीला टेकून, शाल मिळालेल्या माणसासारखा उभा होता. त्याच्या डोक्यावरच ती काचेची चौकट.

साहेबांनी त्या दिवसाची तबकडी मागितली. "वेग चाळीस. मर्यादेत. गाडी मर्यादेत असताना तुम्ही उभ्या का होतात, बाई?"

"पोट असलेल्या पोरीला जागा देत होते."

"गाडी चालू असताना उभं राहू नये, असं आत लिहिलेलं आहे."

"चाळीसला एवढा झटका बसतो काय साहेब?" फिलोमिनाने विचारलं. "जोकीमच्या गाडीत आम्ही उभ्याने माळा म्हणतो. रोझारी. सगळी माळ होते, कोण पडत नाही."

साहेब म्हणाले, "झटका यंत्रात नोंदला जात नाही. वेग नोंदला जातो."

तेव्हा मी म्हणालो की गाडी बाहेरच उभी आहे, साहेबांनी दोन मिनिटं यावं. सगळे बाहेर आलो. मी यंत्राचं कुलूप उघडलं. सुईच्या दांडीला टेकून सायकलच्या ट्यूबचा एक बारीक तुकडा नीट कापून बसवलेला होता. मी तो चिमट्याने काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला. नाईकने नजर दुसरीकडे वळवली आणि मला वाटलं, आता झालं.

साहेबांनी तुकडा उलटसुलट पाहिला. खिडकीतून आत, त्या चौकटीकडेही एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हा परदेशातूनच आला असेल. पॅकिंगचा."

"साहेब, याच्यावर आपल्याकडच्या टायरवाल्याचं पंक्चरचं सोल्युशन लागलंय."

"राऊत, यंत्र आपण बनवलेलं नाही. ज्यांनी बनवलं त्यांनी विचार करूनच काही ठेवलं असेल. जागच्या जागी ठेवा परत. ढवळाढवळ नको."

फिलोमिना हसली. दुखऱ्या हाताने हसणं तिला जड गेलं, पण ती हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "चल, इथे मोडलेल्या हाडाला पण पुरावा लागतो."

मी तो तुकडा परत ठेवला नाही. खिशात घातला. साहेबांनी ते पाहिलं.

ही हकिगत दुपारच्या चहापर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना कळली. आमच्याकडे युनियन नव्हती, शेठना ती खपत नसे. संप झाला नाही, घोषणा झाल्या नाहीत. हरेश्वर एवढंच म्हणाला, "साहेबाला चालीस पायजे ना? देऊ की चालीस. कोन नाय म्हनतो?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या चाळीसने धावू लागल्या. शेतात चाळीस, मोकळ्या रस्त्यावर चाळीस. कोणी घाई केली नाही, कोणी मुद्दाम रेंगाळलंही नाही. लिहिलेलं होतं तेवढं पाळलं. नाईकच्या यंत्रातला तुकडा निघाल्यामुळे त्यालाही चाळीस पाळणं भाग होतं. माझ्या समोर तबकड्यांची चळत आली आणि लाल पेन्सिलीला टोक करायचीही गरज पडली नाही. साहेबांनी मला बोलावून पेढा दिला.

आठवडा उलटायच्या आत कारखान्यांतून निरोप येऊ लागले. नंदाखालची गाडी फाटकात, गासची गाडी फाटकात, पॅकिंगच्या टेबलांवर माणसं नाहीत, मशीनं रिकामी. एका कारखानदाराने दुसऱ्या बसवाल्याशी बोलणी सुरू केल्याचं कळलं. शेठ स्वतः शेडमध्ये आले. साहेबांनी त्यांच्यापुढे तबकड्या मांडल्या.

शेठनी त्या पंख्यासारख्या हलवून पाहिल्या. "प्रधान, एकदम फर्स्टक्लास आहे. पण कारखानेवाला तबकडी घेऊन काय करेल? त्याला बाया पाहिजे."

"ड्रायव्हर मुद्दाम करताहेत," साहेब म्हणाले. "चाळीसमध्ये गाडी वेळेत पोचते. मी हिशोब केलेला आहे. उद्या मी स्वतः नंदाखालच्या गाडीत बसून दाखवतो."

पण नंदाखालच्या बायांनी निरोप पाठवला होता की नाईक असेल तर आम्ही चालत फाटकापर्यंत जाऊ. शेठनी साहेबांकडे न बघता सांगितलं, "जोकीमला बसव."

साहेबांनी मलाही बरोबर घेतलं, यंत्रावर लक्ष ठेवायला. साहेब पुढच्या बाकावर बसले, मांडीवर कातडी बॅग. त्यांना आठला त्याच नाराज कारखानदाराची समजूत काढायची होती. फिलोमिना प्लास्टर घातलेल्या हाताने चढली. तिला कामाला बोलावलेलं नव्हतं, पण हे बघायला ती आली होती.

जोकीमने छातीवर क्रूसाची खूण केली, गाडी सोडली. चर्चपाशी वीस. शाळेपाशी वीस. साहेबांनी मान डोलावली. गासच्या पुढचा सरळ रस्ता लागला. भात कापणीला आलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जोकीमने चाळीसवर काटा ठेवला आणि स्टिअरिंगवर हात असे ठेवले, जणू गाडी त्याची नव्हेच. फाटक दिसू लागलं तेव्हा ते उघडं होतं. मग घंटा वाजू लागली. आम्ही पोचायला आणि दांडा खाली यायला एकच गाठ पडली.

एक लोकल गेली. साहेबांनी हात पुढे करून, आता उघडेल, असं दाखवलं. बाया पिशव्या सोडून बसल्या. एकीने वालाच्या शेंगा काढल्या, दुसरीने क्रोशाची सुई. मेल गेली. साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. ते घड्याळ मीच दुरुस्त केलेलं होतं, बरोबर चालत होतं. मग मालगाडी आली. मालगाडी जात असताना काही माणसांना डबे मोजायची सवय असते, तशी साहेबांनाही लागली असावी. ओठ हलत होते.

"रोज असंच असतं का?" शेवटी त्यांनी मागे वळून विचारलं.

"रोज नाही," फिलोमिना म्हणाली. "जोकीमला शेडमध्ये बसवलं की असतं."

फाटक उघडलं तोपर्यंत साहेबांचा रुमाल ओला झाला होता. गाडी पूर्वेला उतरली, मोकळा रस्ता लागला. साहेब जोकीमच्या कानाशी वाकले. "आता जरा दाबा."

"चाळीसवर आहे साहेब."

"दिसतंय. जरा दाबा म्हणतो मी."

"समोर चुगली... समोर यंत्र आहे साहेब. राऊतदादा बसलेत."

"राऊतांना मी सांगतो. तुम्ही दाबा."

जोकीमने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग दाबलं. साठाला काटा गेला आणि गाडी इतकी सरळ चालली की शेंगा सोलणारीचा हात थांबला नाही. साहेब सैल होऊन बसले.

पण सातिवलीच्या हद्दीत शिरलो तसं चित्र बदललं. सायकली, डोक्यावर डबे घेतलेली माणसं, गोडाऊनच्या दारात उलटे लागलेले ट्रक. जोकीमने पाय काढला. गाडी एकदम मऊ होऊन वीसवर आली.

"हळू का केलीत?" साहेब म्हणाले. "दाबा. आठ वाजलेत."

"इथे माणसं आहेत."

"जोकीम, मी सांगतोय. जबाबदारी माझी."

जोकीम वळला नाही. रस्त्यावर डोळे ठेवून शांतपणे म्हणाला, "साहेब, मेमोची जबाबदारी तुमची. माणूस चाकाखाली आला तर तो माझ्या स्वप्नात येणार, तुमच्या नाही."

साहेबांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. रागावलेला नव्हता. बहुधा पहिल्यांदाच ते गाडीच्या काचेतून रस्ता बघत होते.

आम्ही उशिरा पोचलो. बायांचा अर्धा दिवस गेला. कारखानदार साहेबांना भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तबकडी काढली. पूर्वेच्या रस्त्यावरचा साठाचा सुळका स्वच्छ उमटला होता. मी रोजच्यासारखी लाल खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'प्रधान साहेबांच्या सांगण्यावरून.' या वेळी मात्र साहेबांनी शेजारचं वाचलं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि तबकडी ठेवून परत गेले. त्या दुपारी भिंतीवरची काचेची चौकट उतरली. नाईकला काही शिक्षा झाली नाही. साहेबांनी शेठकडे त्याची शिफारस केली आणि शेठनी त्याला आपल्या घरच्या मोटारीवर घेतलं. तिथे यंत्र नव्हतं.

जोकीम नंदाखालच्या गाडीवर परत गेला, कायमचा. मेमो बंद झाले नाहीत, पण साहेब आता त्यावर सही करायला विसरू लागले. नोकरीत मी बरीच वर्षं काढली, आणि माणसाच्या हातून घडलेलं एवढं उपयोगी विसरणं दुसरं पाहिलं नाही.

उरला प्रश्न वेळापत्रकाचा. तो शेठनी दोन वाक्यांत सोडवला. रेल्वे आपलं ऐकणार नाही, कारखाना दार उघडं ठेवणार नाही. तेव्हा सगळ्या गाड्या सकाळी वीस मिनिटं लवकर सोडा. चाळीसची मर्यादाही राहिली, फाटकही मिळालं, सगळ्यांचं समाधान झालं. इतकं सोपं होतं. आपणच कसं सुचवलं नाही, म्हणून मी चार दिवस स्वतःवर चरफडलो.

नव्या वेळेची पहिली गाडी मी नंदाखालला जाऊन पाहिली. उजाडायला अजून अवकाश होता. बाया थांब्यावर उभ्या होत्या, कोणी अर्धवट वेणी घातलेली, कोणी डब्याचं झाकण वाटेत लावत आलेली. विहिरीवरून पाणी, चूल, नवऱ्याचा चहा, पोरांचे डबे, सगळं वीस मिनिटं अलीकडे सरकलं होतं. फिलोमिनाचं प्लास्टर निघालं होतं. मनगट थोडं वाकडंच राहिलं, ते पुढेही सरळ झालं नाही. कारखान्याने तिला बल्बांवरून काढून खोक्यांना दोरी बांधायला बसवलं होतं, कारण दोरी डाव्या हातानेही ओढता येते.

"आता घाई नाही, बाई," मी म्हणालो. मला वाटलं, ती खूश असेल. "आता फाटक चुकणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "राऊतदादा, तुमच्या यंत्रात आम्ही कितीला उठतो ते उमटतं काय?"

"नाही. गाडी हलेपर्यंत रेघ तळाला सपाटच असते."

"बरं," ती म्हणाली आणि डाव्या हाताने दांडा धरून चढली. जोकीमने ती बसेपर्यंत वाट पाहिली, मग गिअर टाकला.